भाडे मिळेपर्यंत

मुंबई बंदरात थांबण्याला भाव आहे. ठरल्या मुदतीपेक्षा जहाज जास्त दिवस अडकून पडले तर ते भाड्याने घेणाऱ्याला जहाजमालकाकडे दर दिवसाचे पैसे भरावे लागतात. गोदीच्या शेडमधून माल वेळेत उचलला नाही तर बंदराचे खाते जागेचा आकार लावते. रेल्वेची वाघीण मुदतीत रिकामी झाली नाही तर तासांच्या हिशेबाने पैसे चढतात. मशीद बंदरपासून दारूखान्यापर्यंत या साऱ्या आकारणीला हमाल-मुनीमांच्या तोंडी एकच शब्द आहे, डॅमरेज. मात्र ज्या ट्रकमधून हा माल बाहेर पडायचा, तो ट्रक तीन दिवस भाड्याची वाट पाहत शिवडीला रस्त्याकडेला उभा राहिला, तर त्यातल्या ड्रायव्हरच्या तीन दिवसांचे डॅमरेज कोणाच्याही वहीत चढत नाही. ‘हॉल्टिंग’ म्हणून व्यापाऱ्याने काही दिलेच तर ते गाडीमालकाच्या बिलात जाते.

व्यापाराचा इतिहास लिहिणारे चाललेल्या मालाचा इतिहास लिहितात. किती गाठी आल्या, किती पोती गेली, याची नोंद सापडते. दोन खेपांच्या मधल्या दिवसांची नोंद कोणी ठेवत नाही. तरीही मालवाहतुकीवर जगणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य त्या मधल्या दिवसांत जाते. त्या दिवसांचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर गेली दीडशे वर्षे वेगवेगळ्या लोकांपुढे आला. काहींना त्याचे उत्तर मिळाले, काहींना अर्धे मिळाले. ड्रायव्हरला मिळाले नाही. असे का झाले, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

सुरुवात आपल्यातल्याच एका आडनावापासून करू. सोलापूर-नगर भागात हुंडेकरी आडनावाची मुसलमान घराणी आहेत. हुंडा म्हणजे ठोक, उक्ते. मालाची ने-आण ठोक रकमेवर अंगावर घेणारा तो हुंडेकरी. वाटेतली जकात, राखण, जनावरांचा चारा आणि माल बुडण्याची जोखीम हे सारे त्या एका रकमेत धरलेले असे. घाट चढायला किती दिवस लागतील, नदीला पूर असेल तर किती दिवस काठावर बसावे लागेल, याचा अंदाज बांधूनच तो भाव सांगत असे. म्हणजे थांबण्याचा खर्च भाड्याच्या आतच असे. बैलांच्या पाठीवर माल नेणारे लमाणांचे तांडे धान्य घेऊन खाली उतरत आणि कोकणातले मीठ भरून वर जात. परतीचे भाडे हा शब्द आज ट्रान्सपोर्टच्या धंद्यात जितका जिवाभावाचा आहे, तितकाच तो त्यांनाही असणार. रिकामा बैलसुद्धा चारा खातोच.

१८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि पुढच्या दहा वर्षांत रेल्वे घाट चढली. लांब पल्ल्याचे तांडे मागे पडले. वाहतुकीचा शेवटचा तुकडा मात्र बैलांकडेच राहिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा बोरीबंदरपासून कुलाब्याच्या कापूस-मैदानापर्यंत गाठी वाहायला बैलगाड्याच होत्या. मुंबईकर त्यांना खटारा म्हणत. (आज मोडकळीस आलेल्या कोणत्याही वाहनाला आपण खटारा म्हणतो, एका धडधाकट गाडीची ही बदनामीच आहे.) कापसाचा हंगाम पावसाळ्यापूर्वी संपे. मग खटारेवाला पडेल ते काम धरी, नाहीतर गावाकडे जाई.

१८७३ साली बंदराचा कारभार पाहायला पोर्ट ट्रस्ट आली. १८८० साली प्रिन्स गोदी, १८८८ साली व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी, जिला आज इंदिरा गोदी म्हणतात, या एकामागून एक उघडल्या. १९१५ पासून बंदराची स्वतःची रेल्वे वडाळ्यापर्यंत धावू लागली. पुढे १९२० च्या दशकात कापसाचा बाजार कुलाब्याहून उठून शिवडीला आला आणि त्या स्टेशनाचे नावच कॉटन ग्रीन पडले. गिरण्या परळ-लालबागेत आणि कापूस शेजारीच शिवडीत, अशी ती रचना होती. गाठी इकडून तिकडे न्यायच्या आणि तयार कापडाचे तागे मुळजी जेठा मार्केटकडे पोचवायचे, एवढ्यावर हजारो माणसे जगत होती.

आता गोदीच्या फाटकाकडे येऊ. येथे वाट पाहणारी माणसे एका जागी जमत आणि सगळ्यांना दिसत, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे. जहाज कधी लागेल याचा नेम नसे. एका आठवड्यात चार जहाजे आणि पुढचे दहा दिवस सामसूम, असा प्रकार चाले. मजूर सकाळी फाटकावर येत आणि टोळीवाला बोट दाखवील तेवढे आत जात. बाकीचे परत फिरत. टोळीवाल्याची मर्जी राखण्यासाठी मजुरीतला वाटा द्यावा लागे, तो वेगळाच. जहाजमालकांना आणि व्यापाऱ्यांना ही व्यवस्था सोयीची होती. गरज पडेल त्या दिवशी माणसे हजर आणि बाकीच्या दिवशी त्यांच्या पोटाची जबाबदारी कोणाचीच नाही. भारतातील मजुरांची स्थिती पाहायला नेमलेल्या शाही आयोगाने, म्हणजे व्हिटले कमिशनने, १९३१ च्या अहवालात बंदरांतल्या मजुरांची नोंदपटे करून काम पाळीने वाटावे अशी शिफारस केली. ती बरीच वर्षे कागदावर पडून राहिली.

मध्ये युद्ध आले. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजावर दारूगोळ्याच्या जोडीला कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी होत्या. गोदीकाठची वस्ती कशी होरपळली ते मशीद बंदर-डोंगरीच्या जुन्या घरांत आजही सांगितले जाते. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला आणि १९५१ साली मुंबईसाठी त्याखाली योजना तयार झाली. डॉक लेबर बोर्डाने मजुरांची नावे नोंदवली, काम पाळीने वाटण्याची पद्धत घातली आणि त्याहून मोठी गोष्ट केली. नोंदलेला मजूर हजर राहिला आणि त्या दिवशी काम निघाले नाही, तरी त्याला हजेरीचा पैसा मिळू लागला. महिन्यातल्या ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमीही आली. हे सरकारला सुचले म्हणून झाले नाही. पी. डिमेलो यांच्यासारख्या माणसांनी फाटकाफाटकावर संघटना बांधली, तुरुंग पत्करला, तेव्हा ते टिकले. डिमेलो १९५८ साली वारले. जुन्या फ्रेअर रोडला आज त्यांचे नाव आहे, आणि त्याच पी. डिमेलो मार्गावर भाडे न मिळालेल्या ट्रकच्या रांगा वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या.

खलाशांना अर्धे उत्तर मिळाले असे आम्ही म्हणतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या कोकणी मुसलमानांच्या कितीतरी पिढ्या बोटीवर गेल्या. एक सफर संपली की पुढची मिळेपर्यंत मुंबईत थांबायचे. गोव्याचे ख्रिस्ती खलाशी धोबीतलाव, गिरगाव, माझगाव भागात आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये राहत, आपले लोक गावच्या जमातीने घेतलेल्या खोलीत पथारी टाकत. पेटी भिंतीला लावायची, वर्गणी भरायची आणि सारंगाच्या निरोपाची वाट बघायची. निरोप फुकट येत नसे. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेऊ नयेत असा आंतरराष्ट्रीय करार १९२० सालीच झाला होता आणि १९२२ साली क्लो समितीने भरतीची ही पद्धत बदलण्याची सूचना केली होती. तरी दलाली चालूच राहिली. दिनकर देसाई यांनी १९४० साली भारतीय खलाशांवर इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. ज्यांच्या घरात बोटीवरचा एखादा नाना-आजोबा होऊन गेला असेल त्यांनी तो मिळवून वाचावा. पुढे सरकारी भरती कचेऱ्या आल्या, क्रमवारी आली आणि १९५८ च्या कायद्याने दलालीवर बंदी घातली. खलाशाला पाळी मिळाली. पाळी येईपर्यंतच्या महिन्यांचा पगार मात्र मिळाला नाही. ते महिने जमातीच्या खोलीने, उधारीने आणि गावाकडच्या भातशेतीने निभावले.

ट्रक या सगळ्याच्या मागून आला. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत मालमोटारी दिसू लागल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या वापरून झालेल्या गाड्या बाजारात आल्या आणि १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे ट्रक बाहेर पडू लागले. १९३९ च्या मोटार कायद्याखाली परमिटांची बंधने कडक होती. राज्याची हद्द ओलांडायची तर वेगळा परवाना लागे. १९७५ साली राष्ट्रीय परमिट आले आणि लांब पल्ल्याची वाहतूक मोकळी झाली. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश येथून आलेल्या गाड्या दाणाबंदर, वाडीबंदर, कर्नाक बंदर, दारूखाना या भागांत माल उतरवून परतीच्या भाड्यासाठी थांबू लागल्या. भाडे ठरवायचा तो दलाल. गाडी उभी कोठे, मालक कोण, घरी जायची घाई किती, हे तो एका नजरेत ओळखतो. ज्याला घाई जास्त त्याला भाडे कमी. चार दिवस थांबण्याची ताकद असणारा ड्रायव्हर चांगला भाव मिळवतो, पण ते चार दिवस त्याच्याच खर्चीतून जातात. ड्रायव्हरचा भत्ता बहुधा खेपेवर असतो. खेप सहा दिवसांत झाली काय आणि अकरा दिवसांत झाली काय, रक्कम तीच. उशीर भरून काढायला मग रात्रीची झोप कापली जाते. महामार्गावरच्या अपघाताच्या बातमीत ‘ड्रायव्हरला डुलकी लागली’ असे छापून येते. ती डुलकी कोणत्या गोदामाच्या दारात जमा झाली होती, हे छापून येत नाही.

कायदा अगदीच नव्हता असे नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, अशी मर्यादा त्याने घातली. कामाचे तास कशाला म्हणावे याची व्याख्याही दिली. गाडी चालवण्याचा वेळ त्यात धरला, जोडकामाचा वेळ धरला आणि टर्मिनलवर नुसते हजर राहण्याचा वेळही धरला. पण तो केव्हा, तर पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तेव्हा. बारा मिनिटे थांबलात तर ते काम. बारा तास थांबलात तर व्याख्येत त्याला जागा नाही. शिवाय पाचपेक्षा कमी कामगार असलेल्या धंद्याला हा कायदा लागूच नव्हता, आणि आपल्याकडच्या ट्रकमालकांत एका-दोन गाड्यांचे मालकच फार. कित्येकदा मालक स्वतःच चाक धरतो. त्याच्या बाबतीत तर कोणाकडे मागायचे हाच प्रश्न. बँकेचा हप्ता काही गाडी उभी आहे म्हणून थांबत नाही.

याच मुद्द्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९४४ मध्ये निकाल दिले होते. काही कारखान्यांत कामगारांना आगीची वर्दी आली तर धावून जाण्यासाठी रात्री कारखान्याच्या आवारात राहावे लागे. आग क्वचितच लागे. ते झोपत, पत्ते खेळत, गप्पा मारत. ही रात्र काम म्हणायची की आराम? न्यायालयाचे म्हणणे असे होते की मालक एखाद्या माणसाला निव्वळ वाट पाहण्यासाठीही नोकरीवर ठेवू शकतो, आणि वाट पाहण्याचा तो वेळ कोणाच्या फायद्यासाठी गेला हे प्रत्येक प्रकरणात तपासले पाहिजे. आपल्याकडे हे तपासायची वेळच आली नाही. गोदीच्या मजुराने फाटकावर गर्दी केली म्हणून तो दिसला. ट्रक ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये एकेकटा थांबतो, परक्या शहरात थांबतो, आणि दुसरा ड्रायव्हर त्याचा साथीही असतो आणि त्याच भाड्याचा दावेदारही. त्याचे मत या शहरात नाही, रेशनकार्ड नाही. कोणत्या फाटकावर त्याने जमायचे?

हे दिवस तो कसे काढतो, हे मात्र शिकण्यासारखे आहे. पहिल्या दिवशी गाडीची कामे. ताडपत्रीची भोके शिवायची, दोर तपासायचे, हवा बघायची, ग्रीस भरायचे. क्लीनरची शाळाही याच दिवसांत भरते. रांग पुढे सरकली की उस्ताद बाजूला सरकतो आणि पोरगा चार हात गाडी पुढे घेतो. अशी चार चार हातांची मोजदाद करत कित्येकांनी गाडी शिकली. दुसऱ्या दिवशी कपडे धुणे, दाढी, झोप. स्टोव्हवर एकाने डाळ चढवायची, दुसऱ्याने पिठाचा गोळा मळायचा. ‘हॉटेलचे खाल्ले तर भाडे पोटात जाते’ हा यामागचा हिशेब. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि पुढे केबिनमध्ये रेडिओ आला, मग टेप, मग मोबाईल. फार दिवस लांबले तर दादरच्या गुरुद्वाऱ्याचा लंगर आहेच. तेथे कोणी कोणाला धर्म विचारत नाही. तिसऱ्या दिवशी पत्त्यांत पैसे लागू लागतात, आणि तेथून पुढचे दिवस वाईट.

आपल्या ड्रायव्हरपुढे एक सवाल वेगळाच असतो. चार दिवस एका जागी उभा असलेला माणूस मुसाफिर आहे की मुकीम? त्याने नमाज कस्र करायची की पूर्ण पढायची, रमजानमध्ये मुसाफिराची सवलत त्याला आहे का? फिकहच्या विद्वानांनी याचा विचार शतकांपूर्वीच करून ठेवला आहे. हनफी मसलकात पंधरा दिवस मुक्कामाची नियत नसेल तर तो मुसाफिरच; आज निघू, उद्या निघू असे करता करता महिने उलटले तरी मुसाफिरच. कोकणात चालणाऱ्या शाफई मसलकात येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहायचे ठरवले की मुकीम. पण काम कोणत्याही दिवशी होईल आणि होताच निघू या आशेवर जो अडकला आहे, त्याला अठरा दिवसांपर्यंत कस्रची मुभा आहे. तटलेला कारवाँ या लोकांनी जवळून पाहिला असला पाहिजे. थांबलेला माणूसही वाटेवरच असतो, हे त्यांनी धरून ठेवले. १९६१ च्या कायद्याने पंधराच मिनिटे दिली.

पुढे या रस्त्यांवरचे भाडेच आटत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. संपाच्या इतिहासात कामगार आहे, मालक आहे, दत्ता सामंत आहेत. गाठी आणि तागे वाहणाऱ्यांचा उल्लेख आम्हाला क्वचितच आढळला. लालबाग-परळच्या बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत आणि कॉटन ग्रीनची फेरी गेली ती गेलीच. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट येथले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. भाजी-फळांचा नंबर १९९६ साली लागला. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनर तिकडे वळले. प्रिन्स आणि व्हिक्टोरिया या गोद्या बुजवण्यात आल्या. डॉक लेबर बोर्डही १९९० च्या दशकात पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले. थांबणे मात्र संपले नाही, त्याची जागा बदलली. दहिसर, मुलुंड, मानखुर्दच्या जकात नाक्यांवर रात्री गेल्या; १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा ते नाके उठले. दक्षिण मुंबईत जड वाहनांना दिवसा घातलेल्या बंदीमुळे पहाट चुकवलेली गाडी रात्रीपर्यंत शहराबाहेर उभी राहते.

या माणसांच्या रिकाम्या वेळेकडे बाहेरच्या जगाचे पहिल्यांदा लक्ष गेले ते एड्समुळे. १९९० च्या दशकात आणि २००३ नंतरच्या ‘आवाहन’ कार्यक्रमात ट्रक थांब्यांवर दवाखाने निघाले, पथनाट्ये झाली, ड्रायव्हर किती दिवस घराबाहेर असतो याचे तक्ते बनले. काम चांगले झाले, अनेकांचे जीव वाचले. पण त्या तक्त्यांत ड्रायव्हर रोग वाहून नेणारा म्हणून आला. त्याचे थांबलेले दिवस कोणीतरी मोजत आहे, तर त्याच बैठकीत त्या दिवसांच्या मजुरीचाही हिशेब करावा, हे कोणाला सुचले नाही.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा भरलेले ट्रक जागच्या जागी थांबले. ढाबे बंद, गोदामे बंद, माल उतरवायला हमाल नाही. गाडी सोडून जावे तर मालाची जबाबदारी, न जावे तर खर्ची संपलेली. हजारो मजूर चालत गावी निघाल्याची चित्रे आपण पाहिली. ड्रायव्हर चालतही निघू शकला नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत अपघात करून पळून जाण्याच्या नव्या कलमाविरुद्ध ड्रायव्हरांनीच गाड्या उभ्या केल्या, तेव्हा मुंबईत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि शहराला वाट पाहण्याची थोडी चव कळली.

आता कागदही वेळ मोजतो. २०१८ पासून मालाबरोबर ई-वे बिल लागते आणि २०२१ पासून त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी आहे. गाडी अडकली आणि मुदत वेळेत वाढवून घेतली नाही तर वाटेत दंडाची टांगती तलवार. १९६१ चा कायदा २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या कामगार सुरक्षा संहितेत सामावला गेला आणि ती पंधरा मिनिटे जशीच्या तशी नव्या संहितेत आली आहेत. दुसरीकडे १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले. चालत्या गाडीत ड्रायव्हरला त्याने नक्कीच आराम पडेल. पण डिझेल ट्रकमध्ये ते यंत्र इंजिन चालू असेल तरच चालते, भाड्याची वाट पाहणारी गाडी इंजिन बंद करून उभी असते, आणि डिझेलचा हिशेब मालकाला द्यायचा असतो. तेव्हा मे महिन्याच्या दुपारी शिवडीला चटई अजूनही गाडीच्या खालीच टाकली जाते, दोन चाकांच्या मधल्या सावलीत.